एकट्याची घडी

हे मी लिहिणारच नव्हतो. लंबू म्हणाला, फजिती माझी आणि मिरवणार तू? मग स्वतःच म्हणाला, लिही, पण माझी उंची कमी करू नकोस.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कायम आहे. लंबू योजनेतून आला. कारखाना बंद पडल्यापासून बेकारी भत्त्यावर होता. योजना अशी, की काही महिने अर्धा पगार सरकार देतं, अर्धा लाँड्री. मुदत संपली की लाँड्रीनं ठेवून घ्यायचं, नाहीतर माणूस परत भत्त्याच्या खिडकीसमोर. "ती खिडकीतली बाई मला आता खोकल्यावरून ओळखते," लंबू म्हणायचा.

चादरींच्या घड्या आम्ही जोडीनं घालायचो. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका. मग लंबूनं चालत येऊन आपली टोकं माझ्या हातात द्यायची. बोलायचं कामच नाही.

मुदत संपत आली तशा आमच्या मुकादम मावशी म्हणाल्या, "संध्याकाळच्या पाळीत जागा आहे. पण तिथं माणूस एकटाच असतो. एकट्यानं घडी घालून दाखव, जागा तुझी."

लंबूनं चादर उचलली. झटकली. झकास! आणि सवयीनं टोकं पुढे करत सरळ माझ्याकडेच चालत आला. मी कपाटाशी नुसता उभा होतो. पण माझेही हात वर गेले, टोकं धरली, घडी तयार.

मावशींनी कपाळावर हात मारला. "अरे, एकट्यानं म्हटलं ना? लग्न लागलंय का तुमचं?"

सगळे हसले. लंबूही हसला, पण कान लालबुंद.

"मावशी, चूक माझी," मी म्हणालो.

"दोघांची. तुझे हात तुला विचारून हलत नाहीत का रे?" मग जरा नरमल्या. "शुक्रवारी परत बघते. नंतर मला ऑफिसला कळवावंच लागेल."

सुटल्यावर आम्ही बसस्टॉपवर आलो. लंबू म्हणाला, "बायकोनं सासूला सांगूनसुद्धा टाकलंय, मी कायम झालो म्हणून."

"मग हो की."

"आणि परत तुझ्याकडेच चालत आलो तर?"

"रोज सुटलो की तुझ्या घरी येतो. खाटेवर चादर टाकून शिकवतो. आणि शुक्रवारी तिथंच उभा राहीन, पण हात खिशात. तू नाकासमोर टोकं नाचवलीस तरी बाहेर काढणार नाही. शब्द देतो."