पाणी न घालणारी झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. झाऱ्या झाडांना पाणी घालतात. मला मात्र पाणी न घालण्यासाठी नोकरीला ठेवलं होतं.

माझा जन्म नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. तिथून सायकलला लटकून मी गावातल्याच एका कापूस संशोधन केंद्रात आले. साल चौऱ्याहत्तर असावं. पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर पडला, तशी मी स्वतःला अधिकारी समजू लागले.

तिथे संशोधन करणाऱ्या कुसुमताई होत्या. त्यांनी कपाशीच्या दोन वाणांचं लग्न लावलं होतं. नवरा काटक, बेताच्या पाण्यात भागवणारा, पण धाग्याने आखूड. नवरी लांब धाग्याची, पण जरा पाणी चुकलं की मान टाकणारी. आता त्यांची नातवंडं कुंड्यांत वाढत होती. आजोबांचा सोशिकपणा आणि आजीचा धागा एकाच नातवात उतरावा, एवढंच ताईंना हवं होतं. तसं झाड सापडलं, तर त्याचं बी काटोलकडच्या कोरडवाहू रानात जाणार होतं. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो.

झाडं गुडघ्याएवढी झाल्यावर हुकूम निघाला. डाव्या ओळीला पाणी चालू, उजवीला बंद. मित्रांनो, पंगतीत वाढताना अर्धी माणसं वगळून पाहा, म्हणजे माझी नोकरी कळेल.

चौकीदार धोंडबा जाता-येता उजव्या ओळीशी थांबे. "काहून गा, तुले पाणी नाही भेटत?" असं झाडाला विचारी. झाड बोलत नसे. त्याची परीक्षा चालू होती.

एका दुपारी सगळे डबा खायला गेले. धोंडबाने मला नळाखाली धरलं आणि उजवी ओळ भिजवली. माझं मत कोणी विचारलं नाही. मग तो रोजच तसं करू लागला.

पाहणीला केंद्राचे मनोहरराव साहेब आले. उजवी ओळ नवरदेवासारखी ताठ.

"सगळीच पास? कमाल आहे," साहेब म्हणाले. "यंदाच बी वाटून टाकू."

"सगळी नातवंडं आजोबांवर जात नाहीत, साहेब," ताई म्हणाल्या. "काही तर वाळायलाच हवी होती."

"झाडं जगली म्हणून तोंड पाडणारी बाई पहिल्यांदाच पाहून राहिलो मी."

ताईंनी कुंडीत बोट खुपसलं. माती ओली लागली.

"धोंडबा, पाणी कोणी टाकलं?"

"मीच टाकलं, बाई. तहानलेल्याले पाणी नाही पाजलं तं पाप लागते."

"हे बी उद्या काटोलच्या रानात पेरतील. तिथं झारी घेऊन कोण जाणार, तुम्ही?"

धोंडबाने नीट विचार केला. "सायकल पंक्चर हाये," तो म्हणाला.

ताईंनी त्या हंगामाचा सगळा निकाल रद्द करायला लावला.

"वर्ष वाया गेलं," साहेब म्हणाले.

"एकच गेलं," ताई म्हणाल्या.

पुढच्या साली राखून ठेवलेल्या बियांपासून पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला उजव्या ओळीची राखण धोंडबाकडेच होती. तो झाडांकडे पाठ करून बसे. एकेक झाड मान टाकी, तसा तो मागे वळून डोक्यावरची टोपी काढी. ताई रोज दुपारी डबा घेऊन त्याच ओळीत बसत, पण पाण्याचा तांब्या कधी सोबत आणत नसत. जेवण घशात अडकलं तरी नाही.

शेवटी तीन झाडं उभी राहिली. पानं आखडलेली, पण बोंडं धरलेली. बोंडं फुटल्यावर ताईंनी कापूस चिमटीत ओढून पाहिला. दोन झाडांचा धागा आखूड होता. तिसऱ्याचा लांब निघाला, आणखी लांब निघाला.

"हा पोरगा दोघांवरबी गेला," धोंडबा म्हणाला.

"आता पाजा त्याला," ताई म्हणाल्या.

धोंडबाने मला काठोकाठ भरलं. इतक्या वर्षांत अनेक झाडांना पाणी घातलं, पण त्या दिवशी माझ्या तोंडावरच्या चाळणीतून पाणी नव्हे, मीच सांडत होते.

आता माझ्या बुडाला भोक पडलं आहे आणि मी कुंपणाशी पडून असते. तक्रार नाही. मित्रांनो, झाडांना पाणी घाला. आणि कोणाच्या भल्यासाठी कोणाला तहानलेलं ठेवायची वेळ आलीच, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, आपलंही पाणी बाजूला ठेवून.