पांढरी रेघ

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. बाबाने एका बाईच्या बोटातलं रक्त मिठाच्या पाण्यात मिसळून कॅमेऱ्याखालच्या काचेच्या पट्टीत सोडलं, मंत्र पुटपुटून फुंकर मारली, आणि मोठ्या करून दाखवलेल्या चित्रात पडद्यावर लाल प्रवाहातून एक फिकट रेघ हळूहळू बाजूला सरकली.

“पाहा, विकार निघाला! डॉक्टरांना जन्मात जमलं नाही, ते आमच्या एका फुंकरीने केलं. गोळ्या गटारात टाका!”

शाळेत विज्ञान शिकवणारी ताई गर्दीत बसली होती. तिच्या धाकट्या बहिणीने क्षयाच्या गोळ्या अशाच टाकल्या होत्या. आता ती शेजारी बसून खोकत होती आणि रुमाल मुठीत लपवत होती.

“दाखव बघू.”

“काही नाही गं ताई. विकार बाहेर पडतोय, बाबाच म्हणाले.”

रुमालावर रक्त होतं. ताईचं डोकं फिरलं. ती तरातरा पुढे गेली आणि तिने पर्समधलं भिंग पट्टीवर धरून नीट पाहिलं.

“बाबा, एकदा तुमचं स्वतःचं रक्त दाखवा.”

“आमची परीक्षा घेतेस?” बाबाचा आवाज एकदम खाली आला. दाराशी उभे असलेले दोघे पुढे सरकले.

पण पहिल्या रांगेतले एक आजोबा भाबडेपणाने हात जोडून म्हणाले, “परीक्षा कसली, दर्शन द्या महाराज! निर्मळ रक्त डोळे भरून पाहू द्या.”

झालं! भक्तांनीच गलका केला. बाबा स्वतःच्याच जाळ्यात सापडला. बोटाला सुई टोचताना तो मंत्रच विसरला.

रेघ निघाली. तशीच, त्याच बाजूला.

“काचेत केसाहून बारीक खांबांच्या रांगा आहेत, जरा तिरक्या,” ताई म्हणाली. “लाल पेशींसारखे लहान कण पाण्याबरोबर खांबांना वळसे घालत सरळ जातात. मोठे कण वळसा घेऊ शकत नाहीत. प्रत्येक खांब त्यांना थोडं बाजूला ढकलतो. ही रेघ म्हणजे रक्तातल्या मोठ्या पांढऱ्या पेशी. त्या माझ्यात आहेत, तुमच्यात आहेत, रोगाशी लढणाऱ्या त्याच. हा माणूस त्यांनाच रोग म्हणतोय! डोळ्यांनी पाहिलंत ते खरं, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला, ते विचारा. विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

काहीजण उठले. काहीजण मात्र अजून हात जोडूनच बसले होते, आणि त्यांची ताईला जास्त भीती वाटली.

धाकटीने पुढे येऊन तिचा हात धरला. धाकटीचा तळवा तापाने भाजत होता.

“ताई, उशीर तर झाला नाही ना गं?”

ताईला ते माहीत नव्हतं. “डॉक्टरांना विचारू. चल, आत्ताच,” ती म्हणाली.