दुपारी एक ते चार

मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आलेल्या बुशराचं हे दुसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी थोडक्यात नंबर हुकला होता. हदगावला तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. ते फोनवर एवढंच विचारायचे, "बेटा, अभ्यास करून राहिली ना?" ती "हाव" म्हणायची.

हॉस्टेल अमृतरावांचं. तीन मजले, अठरा मुली. दुपारी एक ते चार अभ्यासाची वेळ. तेवढा वेळ जिन्याखालच्या लोखंडी गेटला बाहेरून कुलूप, मोबाइल खालच्या कपाटात, आणि दोन्हींच्या किल्ल्या अमृतरावांच्या खिशात. त्यांनी हौसेनं आणलेला मेजर नावाचा अल्सेशियन कुत्रा दिवसभर गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला साखळीनं बांधलेला असे.

एप्रिलची दुपार होती. अमृतराव गेटला कुलूप लावून एका लग्नाला औशाला गेले होते. लाइट गेलेली. खोलीत बसवेना म्हणून बुशरा वाळत घातलेला दुपट्टा आणायला गच्चीवर गेली. मेजर पोटावर पसरून पडला होता. लोहाराचा भाता चालावा तसा धापत होता. तोंडातून चिकट लाळेची तार लोंबत होती. पाण्याचं भांडं कोरडं ठाक. तिची चाहूल लागताच तो उठायला गेला, पण मागचे पाय लटपटले आणि तो आडवा झाला.

"ए पोरी! त्याला सावलीत घे आधी!"

बोळीपलीकडच्या गच्चीवरून शेषेराव ओरडत होते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काम केलं होतं. बायकोच्या कुरडया उलटायला ते वर आले होते.

बुशरा जागीच थांबली. तिच्या घरी कुत्र्याला कुणी हात लावत नसे, आणि हा तर वाघाएवढा. पण मेजर गुरगुरलासुद्धा नाही. साखळी चटका देण्याइतकी तापली होती. दुपट्टा हाताला गुंडाळून तिनं पट्टा सोडला, छातीखाली हात घालून ओढत ओढत त्याला जिन्याच्या खोलीत आणलं आणि दार उघडंच ठेवलं.

"ओठ वर करून हिरड्या बघ! कसल्या दिसतात?" शेषेरावांनी तिकडून विचारलं.

"लालभडक हायत, काका!"

"ऊन लागलंय त्याला. लई वेळ न्हाई आपल्याकडं. पाणी घाल अंगावर. पोटाला, जांघेत, पायाच्या तळव्यांना."

तिनं टाकीचा नळ सोडला, तर पाणी चहाला ठेवल्यासारखं कढत. ती जिन्यावरून ओरडली, "शिल्पा! प्यायच्या पाण्याचा जार आण!"

तिची खोलीतली मैत्रीण शिल्पा धापा टाकत जार घेऊन आली. "अगं, टँकर परवा येणार. संध्याकाळी प्यायचं काय?"

"बघू मग."

दोघींनी पाणी ओतलं. शिल्पा वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. बुशरानं दोरीवरची चादर भिजवून त्याच्यावर पांघरायला घेतली, तसे शेषेराव ओरडले, "चादर नको! आतली गरमी आतच कोंडंल. नुसतं पाणी अन् वारा. अन् तोंडात पाणी ओतू नको, ठसका लागून फुप्फुसात जाईल."

मेजरनं उलटी केली. त्याचे डोळे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते.

शेषेरावांनी अमृतरावांना फोन लावला आणि बुशराला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. मागून बँड वाजत होता. "जेवण करून निघतोच," अमृतराव म्हणाले. "तासाभरात येतो. कुलपाला हात लावू नका, पोरींची जबाबदारी माझ्यावर हाय."

फोन बंद झाला. शेषेराव कठड्याशी आले. "पोरी, तासभर न्हाई निघायचा त्याचा. सलाइन लागंल."

बुशराला अब्बांचा चेहरा आठवला. हॉस्टेलातून काढलं तर परीक्षेच्या तोंडावर जायचं कुठं? मेजरच्या छातीवर ठेवलेल्या तिच्या हाताखाली त्याचं काळीज फडफडत होतं.

"तोडा, काका," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून सांगा."

शेषेराव खाली उतरले. थोड्या वेळानं गेटवर पहारीचे घाव ऐकू आले. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. तिघांनी मेजरला चादरीच्या झोळीतून खाली नेलं, रिक्षात घातलं आणि रिक्षाचे दोन्ही पडदे वर बांधून वाऱ्यावर दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, सलाइन लावलं. "आणायच्या आधी गार केलंत म्हणून अजून श्वास चालू आहे. पण दोन दिवस काही सांगता येत नाही. किडनीवर परिणाम नंतर दिसतो."

अमृतराव पाच वाजता दवाखान्यात आले ते भांडायच्या तयारीनंच. "कुलूप कुणी तोडलं? उद्या तुझ्या बापाला बोलावतो."

बुशरा बाकावरून उठली. "बोलवा," ती म्हणाली. "पण आम्ही आत असताना आग लागली असती तर, चाचा?"

शेषेराव शांतपणे म्हणाले, "अमृतराव, त्र्याण्णवच्या भूकंपात माझी बहीण घरात अडकून गेली. दार उघडंना. आम्ही बाहेरून हाका ऐकत होतो."

अमृतराव आत गेले. टेबलावर मेजर निपचित पडला होता. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शेपटीचं टोक जरासं हललं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता गेटला नवं कुलूप लागलं. हदगावला फोन मात्र गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी मेजरनं मूठभर दहीभात खाल्ला, चौथ्या दिवशी घरी आला. त्याची जागा आता खाली, अमृतरावांच्या ओसरीत पंख्याखाली होती. त्याच दुपारी अमृतराव बुशराच्या दारात आले, गेटची दुसरी किल्ली टेबलावर ठेवली आणि खाली गेले.

बुशरानं किल्ली हातात घेतली. आता गजांतून हात काढून गेट कधीही उघडता येणार होतं. पण रविवारी टेस्ट होती आणि फिजिक्सचे तीन धडे राहिले होते. तिनं किल्ली खिळ्याला अडकवली, खुर्ची ओढली आणि चार वाजेपर्यंत जागची हलली नाही.