बांगड्या न फुटणारं गाव

सन १९२२. जव्हार संस्थानात होळी होऊन गेली होती आणि उतारावर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस आले होते. पोशेरा पाड्यावरच्या लाडक्यानं मोहाची दारू पिऊन भर वाऱ्यात राब पेटवला. शेजारच्या बुध्याचं खोपट जळालं. माणसं वाचली, बकरी गेली. पाड्यानं निकाल दिला, "पुन्हा असं झालं तर बायकोपोरं घेऊन पाडा सोड."

लाडक्याची बायको माघी रडत बसली नाही. तिच्या कानावर एक नवल आलं होतं. कुठल्याशा गावात लोक दिवस मावळता मांडवात जमतात नि एकमेकांना धरून दारू सोडतात. धरून म्हणजे कसं? दोरीनं? आणि गाव कोणतं? जो तो वेगळंच नाव घेई.

बाजाराच्या दिवशी ती जव्हारला गेली आणि बांगड्यावाल्या झरीनाचाचीपुढे बसली. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या झरीनाला ठाऊक नाही असं घर नव्हतं.

माघीच्या हातात एकच बांगडी उरली होती. झरीना म्हणाली, "होळीला हातभर भरल्या होत्या ना गं? भांडी घासताना फुटल्या असतील!"

"हां. नवरा लई जोरानं घासतो भांडी."

दोघी हसल्या. मग माघीनं विचारलं, "चाची, दारू सोडणारं गाव खरंच हाय का?"

झरीनाचं तोंड कडू झालं. "वावरला जा. दोन महिने झाले, तिथं एका बाईची बांगडी फुटत नाही. उपास घडवला मला त्या गावानं!"

दुसऱ्याच दिवशी माघी लाडक्याला घेऊन निघाली.

"बांधून ठेवतील का गं मला?"

"बांधलंच तर सोडवाया मी हाये."

वावरच्या मांडवात दोरी नव्हती. पंचवीसेक माणसं होती. काल तलफ कधी आली नि कुणाच्या अंगणात जाऊन बसलो, एवढंच जो तो सांगे. लाडक्या ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला, "पण पिण्याआधी पितरांना धार सोडतो आपण. मी दारू सोडली तर त्यांना कोण पाजील?"

म्हातारी सकू फिसकन हसली. "पाणी पाज की! इतकी वर्षं थेंब बापाला नि मडकं तुला. भांडला का तो कधी?"

मांडव हसला. लाडक्याही हसला आणि त्यानं द्रोणातलं पाणी भुईवर सोडलं.

"वावर लांब हाय," तो म्हणाला. "तलफ आली तर जाऊ कुठं?"

"तुझ्याच पाड्यात कुणाकडं तरी."

"माझ्याशी बोलतंय कोण?"

"ज्याचं खोपट जाळलंस, त्याच्याकडं जा," सकू म्हणाली.

लाडक्या गेला. कोयता पुढं टाकून बुध्यानं बांबूकडं बोट केलं. त्या दिवशी लाडक्यानं बांबू चिरले. तलफ आली की रोज चिरले. पावसाआधी खोपट उभं राहिलं, तरी जाणं थांबलं नाही.

दिवाळीत लाडक्या एकदा घसरला, पुन्हा प्यायला. बुध्यानंच त्याला उचलून घरी आणला. पुढल्या साली राब दोघांनी मिळून भाजला, वारा पडल्यावर. पाडा सोडावा लागला नाही.

वावरचा मांडव दोन-तीन वर्षांत उठला. सकू त्याआधीच गेली. बुध्या म्हातारा होऊन वारला, तेव्हा त्याला लाडक्यानं पाण्याचीच धार सोडली. झरीना पोशेऱ्याला येऊन कुरकुरायची. मग तिनं हाऱ्यात फण्या नि आरसे ठेवले. माघीनं पुन्हा भरलेल्या बांगड्यांचा रंग उडाला, पण त्या फुटेनात. शेवटी झरीनानंच वैतागून त्या उतरवल्या नि नव्या हिरव्या भरल्या.