लोर्नाच्या कादंबरीला कुणी घाबरेना

आमच्या गावात माणूस घाबरलाय की नाही हे त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला आम्ही सगळे जन्मापासून असेच. भर थंडीत रानात गाडी बंद पडली तरी म्हणणार, जरा गारठा आहे. करवतीत बोट गेलं तरी दवाखान्यात म्हणणार, घाई नाही, बाकीच्यांचं आधी बघा. आणि अशा लोकांना जमवून मी भयकथा वाचायचं मंडळ चालवते, म्हणजे माझीही कमालच म्हणायची.

मी आर्लिस, इथल्या वाचनालयातून निवृत्त झालेली. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसतो. ड्वेन हा सहा फुटी गडी, सगळा जन्म लाकूडतोडीत गेलेला. अस्वलाशी गाठ पडल्याची हकीकत तो बाजारभाव सांगावा तशी सांगतो. आर्डिथ शाळेची मुख्याध्यापिका होती, अजूनही आहे असंच तिला वाटतं. करीन आमच्या लुथरन चर्चची पाद्री, वयाने आमच्यात लहान. आणि लोर्ना, जिने वर्षानुवर्षं गावातल्या पोरांना शाळेच्या बसमधून नेलं-आणलं.

पुस्तक कितीही भयंकर असो, घाबरलो असं कबूल करायचं नाही, हा मंडळाचा न लिहिलेला नियम. ड्वेन प्रत्येक पुस्तकावर एकच मत देतो, छान झोप लागली म्हणतो. आर्डिथला छपाईच्या चुका सापडतात. मी चहा ओतते. असं आमचं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं.

मग लोर्नाने स्वतःच कादंबरी लिहिली.

तिचा नवरा ऑर्विल गेल्यापासून ती घराबाहेर पडायची बंद झाली होती. मी दारात सूप ठेवून यायची, दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन दारात ठेवलेलं असायचं, पण बाई काही दिसायची नाही. त्या काळात ती लिहीत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गेल्या मार्चमध्ये ती मंडळात आली ती कागदांचे चार गठ्ठे घेऊनच. गाल लाल, डोळे लखलखीत. कितीतरी दिवसांनी मला माझी जुनी मैत्रीण दिसली आणि माझा ऊर भरून आला. ती म्हणाली, मिनिॲपोलिसच्या एका प्रकाशक बाईंनी वाचायला मागितलंय, पण आधी तुम्ही वाचा. तुम्ही घाबरलात तर पाठवीन. नाहीतर शेगडीत घालीन, आणि पुन्हा लिहायच्या भानगडीत पडणार नाही.

आता कादंबरी काय होती ते ऐका. आमच्याकडे घर म्हटलं की तळघर आलं, आणि तळघर म्हटलं की आडव्या पेटीसारखा, माणूस झोपेल एवढा मोठा फ्रीझर आला. हरणाचं मांस, तळ्यातले मासे, बागेतल्या रासबेरी, सगळं पांढऱ्या कागदात गुंडाळायचं, वर नाव आणि तारीख टाकायची आणि आत रचायचं. लोर्नाच्या कादंबरीतली विधवा रोज फ्रीझर उघडते, आणि रोज आत एक पुडकं जास्त असतं. त्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या अक्षरात तारीख असते. उद्याची.

बस्स. एवढंच. रक्ताचा एक थेंबही नाही. मी ती माझ्या स्वयंपाकघरात लख्ख उन्हात बसून वाचली आणि अर्ध्यावर उठून तळघराच्या दाराला कडी घातली.

महिन्याने चर्चेचा दिवस आला. लोर्ना चर्चला जायचा निळा स्वेटर घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मी मनाशी ठरवून गेले होते की सांगून टाकायचं. पण पहिला ड्वेन बोलला, आणि म्हणाला, छान झोप लागली. आर्डिथ म्हणाली, टायपिंग स्वच्छ आहे. करीन म्हणाली, फ्रीझरचं वर्णन अगदी बरोबर जमलंय. एवढ्या शूरांमध्ये मी एकटीच भित्री ठरणार, या विचाराने मी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी म्हणाले, "वाईट नाही हं, लोर्ना."

लोर्नाने सगळ्यांचे आभार मानले. चारही गठ्ठे गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि पिशवीत घातले. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. ती आमच्यातलीच ना शेवटी.

घरी पोचल्या पोचल्या मी फोन केला. सांगितलं, बाई, माझी पाचावर धारण बसली होती, मी खोटं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "आर्लिस, तू माझी मैत्रीण आहेस. तू असं म्हणणारच. ड्वेनला झोप लागली ना? मग झालं." पुढच्या गुरुवारच्या जेवणाला मात्र नक्की येते म्हणाली, माशांची पाई, म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेले मासे, करून आणते म्हणाली. त्यानंतर कागदांचं बघते. फोन ठेवला आणि मी ड्वेनला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की करीनने ऐकल्या असत्या तर मला चर्चमध्ये घेतलं नसतं.

हे जेवण म्हणजे आमच्या मंडळाची जुनी रीत. मे महिन्यात बर्फ वितळून मासेमारी पुन्हा खुली होते, त्याआधी फ्रीझर रिकामा करायचा असतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी प्रत्येकाने आपल्या फ्रीझरमधलं काहीतरी शिजवून आणायचं. विकतचं आणणं म्हणजे नाक कापून घेणं. ड्वेनचं हरणाचं मटण आणि आर्डिथचा रासबेरी केक यांच्यावर आम्ही वर्षभर डोळा ठेवून असतो.

त्या गुरुवारी लोर्ना लवकर आली. तिने पाई टेबलाच्या मधोमध ठेवली, वरून खरपूस, वाफाळती. मी माझं आणलेलं टेबलाच्या अगदी कडेला, पेपर नॅपकिनच्या आड सरकवलं. मग करीन आली. तिच्या हातात पेट्रोल पंपावरच्या दुकानातल्या तळलेल्या चिकनचा खोका. मागोमाग आर्डिथ आली, केकच्या बशीत तेच चिकन मांडून, वर कोथिंबिरीसारखी पार्स्ली पेरून. शेवटी ड्वेन आला. त्याच्याकडे मोठा खोका, वीस तुकड्यांचा.

कुणी कुणाकडे बघेना. लोर्नाने नॅपकिन उचलले आणि माझाही खोका बाहेर आला.

"ड्वेन," लोर्ना म्हणाली, "तुझं हरीण कुठे गेलं?"

ड्वेन म्हणाला, फ्रीझर बिघडलाय. आर्डिथ म्हणाली, काय योगायोग बघा, माझाही. लोर्नाने करीनकडे पाहिलं. पाद्रीला खोटं बोलायची सोय नाही, बिचारीचे कान लाल झाले.

"माझा फ्रीझर चांगला आहे," करीन म्हणाली. "मी खालीच गेले नाही. पुस्तक वाचल्यापासून. मुलं विचारतात आईस्क्रीम कुठाय, मी म्हणते, आपण देवासाठी सोडलंय."

मग आर्डिथने चष्मा काढला आणि पुसत पुसत सांगितलं की ती एकदाच गेली होती, हातात बर्फ फोडायची पहार घेऊन, आणि वरच्या पायरीवरूनच परत आली. मी म्हणाले, मी तर डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय असं सांगून नवऱ्याला पाठवते, आणि तो वर येईपर्यंत दारात उभी राहून मोठमोठ्याने भजनं म्हणते. आता सगळे ड्वेनकडे वळले. तो गडी खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत बसला होता.

"ड्वेन, झोप लागली होती ना तुला?" लोर्नाने विचारलं.

"लागली," ड्वेन म्हणाला. "गाडीत." मग खोका बाजूला सारून म्हणाला, "फ्रीझरच्या झाकणावर मी मिठाची पोती ठेवलीयत. जड पाणी मऊ करायच्या यंत्राला लागतात ती. घरात होती तेवढी सगळी."

आधी आर्डिथ हसली, मग आम्ही सगळेच. आर्डिथला हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि ती थांबेच ना. लोर्ना हसत नव्हती. ती खुर्चीवर बसली, एकेकाकडे आळीपाळीने बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणजे खरंच?" तिने विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मात्र तीही हसायला लागली, डोळे पुसत, नाक पुसत, पोट धरून. ऑर्विल गेल्यानंतर मी तिचं हसणं ऐकलंच नव्हतं. तिथेच उठून तिला मिठी मारावी असं वाटलं आणि मारलीही, आमच्यात तशी पद्धत नसताना.

मग आम्ही चिकन खाल्लं. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. लोर्नाच्या पाईला मात्र कुणी हात लावेना. मासे तिच्या फ्रीझरमधले, आणि पुडक्यावर तारीख कुणी घातली असेल हे विचारायची कुणाची छाती होईना. ते बघून ती जास्तच खूश झाली. एकटीनेच दोनदा वाढून घेतलं आणि सांगितलं, उद्या सकाळीच कागद पोस्टात टाकते.

"आणि पुढचंही सुरू केलंय," ती म्हणाली. "गेल्या गुरुवारपासून थांबवलं होतं. आता रात्री पुन्हा बसते."

करीनने भीत भीत विचारलं, यात काय आहे? लोर्नाने बोटं पुसली आणि सांगितलं, गोठलेल्या तळ्यावर उभी करतात ती मासे धरायची लाकडी खोली. माणूस आत एकटाच बसलाय, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून. आणि खालून कुणीतरी हळूच दोर ओढून बघतं.

ड्वेनच्या हातातला तुकडा तसाच राहिला. सगळा हिवाळा हा माणूस तसल्याच खोलीत काढतो. बायकोजवळ असतो त्यापेक्षा जास्त वेळ तिथेच असतो, असं बायकोच सांगते.

"लोर्ना," तो म्हणाला, "तेवढी एक जागा राहू दे गं मला."

लोर्नाने त्याच्यापुढे आपली पाई सरकवली आणि सुरी त्याच्या हातात दिली.

"घाबरलो म्हणून आधीच सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर सोडली असती."