मयताची हजेरी

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि पावसानं पुन्हा दगा दिला होता. देवणीची पंचशीला तेव्हा लातुरात अर्जुनराव वकिलांच्या हाताखाली कंपन्यांचे दावे चालवायला शिकत होती.

"साक्षीदाराच्या आधी मिनिट बुक वाचायचं," अर्जुनराव सांगत. "बैठकीत कोण होतं, काय ठरलं, सगळं त्यात असतं."

पहिलंच प्रकरण औशाच्या एका तेल गिरणीचं आलं. सिद्धराम आणि मडिवाळप्पा हे दोघं त्या कंपनीचे संचालक. मडिवाळप्पा उन्हाळ्यात उष्माघातानं गेला. त्याचे शेअर आपल्या नावावर व्हावेत म्हणून त्याची बायको शरणम्मा हायकोर्टात गेली होती. सिद्धरामचं म्हणणं, मडिवाळप्पानं ते जिवंतपणीच आपल्याला दिले, बैठकीत तसा ठराव झाला. अर्जुनराव सिद्धरामचे वकील होते.

दुपारी ऑफिसात एकटीच बसून पंचशीलानं मिनिट बुकात तो ठराव शोधला. तारीख बारा जून. शरणम्माच्या अर्जासोबतचा मृत्यूचा दाखला काढला. नऊ जून.

तिनं पान पुन्हा उलटून पाहिलं. हजेरीत मडिवाळप्पाची सही होती. ठरावाखाली एक ओळ होती, 'मडिवाळप्पांनी पाणी मागितले.' पुढच्या दोन बैठकांतही तीच ओळ. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तिला बघवेना.

तिनं अर्जुनरावांना दाखवलं. त्यांनी सिद्धरामला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पंचशीला, तूच विचार."

"हे अक्षर तुमचंच ना?" तिनं विचारलं.

"हाव."

"सही?"

सिद्धरामनं सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "सही बी मीच केली."

"अन् ही पाण्याची ओळ कशाला लिहिली?"

त्यानं वही हातात घेतली. "बाई, म्या न्हाई लिहिली. पण ऐकली. लिहायला बसलो की मडिवाळप्पा बाजूला येऊन बसायचा. त्या दिवशी गिरणीत पडला तवा माझ्याकडंच पाणी मागितलं होतं त्यानं. म्या म्हणलं, मालाचं वजन आटपू दे, मग देतो."

अर्जुनरावांनी त्याच्या हातातून वही काढून घेतली.

"खोटा कागद मी कोर्टापुढं ठेवणार नाही," ते म्हणाले.

सिद्धरामनं दावा लढवला नाही. तडजोडीचा मसुदा पंचशीलानं लिहिला. शेअर शरणम्माच्या नावावर झाले, तिला संचालकही करून घेतलं. पहिल्या बैठकीला ती गिरणीत आली, तेव्हा सिद्धराम खुर्चीवर बसलाच नाही. हात जोडून भुईवर बसून राहिला.