सागावांचं पुष्पचक्र

किकुएचा थोरला भाऊ तेत्सुरो विमानाला बॉम्ब बांधून शत्रूच्या जहाजावर आदळायला ज्या धावपट्टीवरून गेला, तिथे आता रताळ्यांची शेतं होती. कडेच्या तुकड्यावर गावानं शांती उद्यान केलं होतं. चेरीची झाडं, नावांची शिळा, आणि फाटकाशी विमानाचा छाप उठवलेल्या बिस्किटांचा ठेला. त्या ठेल्याकडे किकुए कधी बघायची नाही. दर एप्रिलला बंदरावरचं टोफूचं दुकान बंद ठेवून ती श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला यायची, कुटुंबीयांच्या पहिल्या रांगेत बसायची, रडायची आणि हलकी होऊन घरी जायची.

युद्ध संपून चाळीस वर्षं झाली, त्या वर्षी भाषणाला सागावा उभे राहिले. पोरांना रवाना करणारे तेव्हाचे अधिकारी हेच. आता ऐंशीला टेकलेले, काळ्या सुटात, छातीला पांढरं फूल लावलेलं.

"आदल्या रात्री तुमची मुलं तान्ह्या बाळासारखी झोपली," ते म्हणाले. "सकाळी हसत हसत विमानात चढली. मी त्यांना वचन दिलं होतं, शेवटच्या विमानानं मीही येतो. पण त्यांच्या आठवणी जपायचं काम दैवानं माझ्या पदरात टाकलं."

सगळीकडे हुंदके फुटले. किकुएनंही रुमाल डोळ्यांना लावला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "खोटं! साफ खोटं!"

एक साठीचा, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. दोन कार्यकर्त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

किकुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईबापांच्या पुढ्यात असं बोलतो? ती उठली आणि तरातरा त्याच्या मागे गेली.

"लाज नाही वाटत?" फाटकापाशी तिनं त्याला गाठलं. "आमचं एवढंच उरलंय, त्यातही माती कालवायची?"

"चुकलं, ताई. राहवलं नाही." त्यानं मान खाली घातली. "मी कुरामोची. मीही निघालो होतो. इंजिन बिघडलं म्हणून परत आलो, आणि पुन्हा पाळी यायच्या आत युद्ध संपलं. आपलं कोण?"

"भाऊ. तेत्सुरो मिनाझुकी."

कुरामोचीचा चेहरा उतरला. "नको ताई. तुम्ही आत जाऊन बसा."

"आता का? मघाशी तोंड उघडलंत ना? मग बोला!"

त्यानं फाटकाला पाठ टेकली. मग सांगू लागला. "आम्ही एकाच झोपडीत होतो. तोही एकदा परत आला होता, माझ्यासारखाच. तेलाची गळती होती. सागावांनी सगळ्यांसमोर त्याला बांबूच्या तलवारीनं बडवलं. 'जिवाची एवढी हौस आहे?' म्हणाले. कान सुजला, त्या कानानं त्याला ऐकूच येईना. रात्रभर बाहेर बसून गवत उपटत होता. झोपला नाही. कुणीच झोपायचं नाही, ताई. सकाळी पुन्हा निघाला तेव्हा हात एवढे थरथरत होते, की कपाळाची पट्टी मी बांधून दिली. आणि विमान तेच. गळती तशीच."

"हसत होता का?" किकुएनं विचारलं.

"नाही."

किकुएला आई आठवली. बातमी आली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, रडू नका, तुमचा मुलगा देव झाला. आई दारात ताठ उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करत राहिली. तिला कुणी रडूसुद्धा दिलं नाही. पुढे अंथरुणाला खिळली तेव्हा "हसत गेला ना गं?" असं रोज विचारायची, आणि किकुए रोज म्हणायची, "हो, हसत."

ती मागे वळली. कार्यक्रम संपून मंडपात चहा चालला होता. सागावांच्या पुढ्यात बिस्किटांची बशी होती.

"मी तेत्सुरो मिनाझुकीची बहीण."

"मिनाझुकी!" सागावांनी तिचे हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं. "विसरेन कसा? किती हसरा पोरगा!"

"कोणत्या कानावर मारलं होतंत?"

"काय?"

"उजव्या की डाव्या?"

सागावांनी हात सोडले. "बाई, तो काळ वेगळा होता. शिस्त लागायची..."

"आणि शेवटचं विमान? ते अजून सुटायचंय, की तुम्हाला सोडून गेलं?"

कुणीतरी "अहो, वयाचा तरी मान ठेवा" म्हणालं. किकुए शिळेकडे गेली. पायाशी सागावांच्या नावाची फीत लावलेलं पुष्पचक्र ठेवलं होतं, तिच्या उंचीचं. तिनं ते दोन्ही हातांनी ओढलं, आडवं पाडलं, फरफटत कुंपणापाशी नेलं आणि रताळ्याच्या शेताकडेच्या गटारात लोटून दिलं. कुणी अडवलं नाही. कार्यकर्तेही उभे राहिले नुसते.

राग काही गेला नाही. आठवडाभर फोन येत राहिले. "मेलेल्यांचा अपमान केलास," एक म्हणाला. "आम्हाला तेवढाच आधार होता," एक बाई रडत म्हणाली, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत किकुएनं फोन कानाशी धरून ठेवला. समितीनं कळवलं, पुढच्या वर्षी आपण आला नाहीत तर बरं. धाकट्या भावानं विचारलं, "लोकांना आता तोंड कसं दाखवायचं?" ती म्हणाली, "सागावा दाखवतोच आहे की!"

मे महिन्यात दुकानाच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नव्वदीची असावी, कमरेत वाकलेली. पहिल्या रांगेत किकुएनं तिला कितीदा पाहिलं होतं. भांडायला आली असेल म्हणून किकुएनं कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि तयारीतच पुढे झाली.

"त्या ओरडलेल्या माणसाचा पत्ता आहे का?" म्हातारीनं विचारलं. "माझ्या मुलाबद्दल विचारायचंय."

"आजी, ऐकवणार नाही हो."

"मला सगळं ठाऊक आहे गं," म्हातारी म्हणाली. "माझा पोरगा अंधारात परसात जायलासुद्धा घाबरायचा. तो हसेल होय? चाळीस वर्षं मला येड्यात काढलं मेल्यांनी."

किकुएनं तिला बसायला पाट दिला, आणि चुलीवरचं सोयाबीन तसंच उकळत ठेवून कुरामोचीनं फाटकापाशी लिहून दिलेला नंबर घेऊन फोनकडे गेली.